विद्यापीठांचा खर्च कोणी सोसावा?

उन्हाळा सरत आला व परीक्षांचे निकाल लागले, म्हणजे आमच्या शहरांतील मध्यम स्थितीच्या घरोघर दर वर्षी एक हिशेब मांडला जातो. मुलास अथवा मुलीस गुण चांगले पडलेले असतात; घरात पेढे वाटले जातात; आणि त्याच रात्री, मुले निजल्यावर, आईबाप कागद पुढे घेऊन बसतात. महाविद्यालयाचे शुल्क किती, विकासनिधी किती, परीक्षेचे किती, वसतिगृहाचे किती, पुस्तकांचे किती, अशी बेरीज होत जाते. आणि बेरीज पुरी झाली म्हणजे पुष्कळदा मुलाचा कल कोणत्या विद्येकडे आहे हा प्रश्न बाजूस राहून, कोणती विद्या आपणांस परवडते एवढाच प्रश्न उरतो. याच वेळी त्याच शहरात दुसरा एक मनुष्य असाच कागद घेऊन बसलेला असतो. तो पदव्युत्तर पदवी घेतलेला, अध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, वयाने पस्तिशीच्या पुढे गेलेला असा महाविद्यालयातील तासिका तत्त्वावरचा अध्यापक होय. जूनमध्ये आपणांस पुन्हा बोलावणे येईल की नाही, आणि गेल्या सत्राचे थकलेले मानधन केव्हा हाती पडेल, याची तो चिंता करीत असतो.

हे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले असता कोणाही व्यवहारी मनुष्यास एक प्रश्न पडला पाहिजे. विद्या घेणारा म्हणतो, विद्या महाग झाली. विद्या देणारा म्हणतो, माझे पोट भरत नाही. ज्या पेढीवर गिऱ्हाइकास माल महाग पडतो आणि माल तयार करणाऱ्या कारागिरासही मजुरी मिळत नाही, त्या पेढीच्या खतावणीत कोठेतरी मोठी खोट असली पाहिजे, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगणे नलगे. ती खोट कोठे आहे हे दाखविण्याचा आजच्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या प्रांतात उच्च शिक्षणाचा डोलारा कसा उभा राहिला ते थोडक्यात पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पहिल्या अर्धशतकात हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारे व पदव्या देणारे होते. शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. विद्यापीठास इमारती मिळाल्या त्या पुष्कळ अंशी व्यापाऱ्यांच्या उदारपणामुळे. कापसाचे प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये देऊ केले व पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष दिले; त्या मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव मिळाले आणि तो आजही मुंबईत उभा आहे. पुण्यास १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, व १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून खेड्यापाड्यांतील बहुजन समाजाची मुले ‘कमवा व शिका’ या मार्गाने शिकविली. डॉ. आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून तेथील वर्ग सकाळी भरविले. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले. या सर्व इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. धनिकांनी द्रव्य दिले, विद्वानांनी कष्ट दिले, सरकारने कमीअधिक अनुदान दिले. शिकणाऱ्याच्या खिशावर सर्व भार टाकून विद्यापीठ चालवावे अशी कल्पना या थोर पुरुषांपैकी एकाच्याही मनात आली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर अनुदानित महाविद्यालयांतील मंजूर पदांचे वेतन सरकारने द्यावे ही पद्धत रूढ झाली, आणि तिचे फळ असे की, शेतकऱ्याचा, गिरणी कामगाराचा व शिपायाचा मुलगा अल्प शुल्कात पदवीधर होऊ लागला. आज सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, इस्पितळांत व शाळांत जी साठीच्या आसपासची पिढी सेवा करून निवृत्त झाली वा होत आहे, ती बहुतेक या स्वस्त शिक्षणाची कमाई आहे. ज्यांनी स्वतः या शिडीने वर चढून घेतले, तेच आज शिडी ओढून घेण्याच्या गोष्टी बोलतात, हे पाहून आम्हांस खेद होतो.

शिडी ओढण्यास आरंभ झाला तो १९८३ साली. त्या साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने अभियांत्रिकी इत्यादी महाविद्यालये विनाअनुदान तत्त्वावर काढण्यास खासगी संस्थांस परवानगी दिली. त्यामागील हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. आपली मुले लाखो रुपये देऊन परप्रांतांत शिकावयास जात होती. सरकारपाशी नवी महाविद्यालये काढण्यास पैसा नव्हता. तेव्हा ज्यांस ऐपत आहे त्यांनी खर्च करावा, असा तो विचार होता. जागा वाढल्या, हे खरेच. खेड्यांतील कित्येक मुलांस अभियंता होता आले, हेही खरे. परंतु जो अपवाद म्हणून आला तो हळूहळू नियम होऊन बसला. देणगीच्या नावाखाली उघड सौदे होऊ लागले, तेव्हा १९८७ साली सरकारला ‘कॅपिटेशन फी’ मनाई करणारा कायदा करावा लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९२ साली मोहिनी जैन यांच्या खटल्यात न्यायालयाने अशा वसुलीस चाप लावला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात मोफत जागा व सशुल्क जागा अशी वाटणी सांगितली. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती वाटणी मोडून संस्थांस पुष्कळ स्वायत्तता दिली, पण नफेखोरी करू नये असे बजावले. २००५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात सात न्यायमूर्तींनी त्या निर्णयाचा अर्थ अधिक स्पष्ट केला. अखेर २०१५ साली आपल्या राज्यात शुल्क नियमनाचा कायदा होऊन एक प्राधिकरण नेमले गेले. तीस वर्षांत न्यायालयांनी व कायदेमंडळाने एवढी खटपट केली. तरी प्रवेशाच्या दिवसांत पावतीवर न येणाऱ्या रकमांची कुजबूज अजून थांबली नाही. रोग कोठे आहे आणि औषध कोठे लावले जात आहे, याचा विचार आता तरी झाला पाहिजे.

हे झाले व्यावसायिक शिक्षणाचे. या शतकाच्या आरंभापासून साध्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांसही सरकारने ‘कायम विनाअनुदान’ या अटीवर मान्यता देण्याचा क्रम धरला. जुन्या अनुदानित महाविद्यालयांतही एकाच छपराखाली दोन चुली मांडल्या गेल्या. एका वर्गात सरकारी वेतनावरील प्राध्यापक अल्प शुल्क भरणाऱ्या मुलांस शिकवितात. शेजारच्या वर्गात स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रम चालतो, तेथे मुलाचे शुल्क अनेक पट, आणि अध्यापकाचे वेतन पहिल्याच्या एका लहान अंशाइतके! शुल्क अधिक असेल तेथे वेतनही अधिक असावे, असे साध्या त्रैराशिकाने कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात त्याच्या उलट घडते. हा मधला पैसा इमारतीत जातो, जाहिरातीत जातो, की आणखी कोठे जातो, हे विचारण्याचा अधिकार शुल्क भरणाऱ्या बापास नाही काय?

आता अध्यापकांच्या स्थितीकडे वळू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये ठरले आहे. हे वेतन वाजवी आहे, व ते ज्यांस मिळते त्यांच्याविषयी आम्ही सहानुभूतीचे अश्रू ढाळू इच्छीत नाही. पण हे ज्यांस मिळते त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे. जुने प्राध्यापक निवृत्त होतात. त्यांच्या जागा अर्थ खात्याच्या मंजुरीसाठी वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. आणि त्या जागांवरील काम तासांच्या हिशेबाने नेमलेल्या अध्यापकांकडून करवून घेतले जाते. शिकविलेल्या तासाचे पैसे; परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत; उन्हाळ्याच्या सुटीत नेमणूकच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांस तासास १५०० रुपये व महिन्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यावेत असे सुचविले; पण ते कागद दिल्लीहून निघून गावोगावच्या महाविद्यालयांत पोहोचेपर्यंत त्यांतील आकडे वाटेत गळून पडतात. असा अध्यापक सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो, आणि संध्याकाळी खासगी शिकवणीवर्गात उभा राहतो. त्याने नवे ग्रंथ केव्हा वाचावेत, संशोधन केव्हा करावे, आणि वर्गातील मंद मुलास जवळ बसवून शंका केव्हा विचारू द्याव्यात?

या ठिकाणी कित्येक सज्जन आम्हांस जुन्या त्यागाची आठवण देतील. फर्ग्युसन महाविद्यालयातील आजीव सभासद दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करीत. नामदार गोखले यांनी ती केली. केंब्रिज येथे १८९९ साली सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथराव परांजपे यांनीही तेच वेतन पत्करले. मग आजच्या अध्यापकांनीच कुरकूर का करावी? या प्रश्नास आमचे उत्तर असे. ते पुरुष संस्थेचे चाकर नव्हते, चालक होते. त्यांचे वेतन अल्प होते, पण ते निश्चित होते, महिन्याच्या महिन्यास मिळत होते, आणि सेवेच्या अखेरीस निवृत्तिवेतनाची तजवीज होती. त्यांनी त्याग केला तो आपल्या खुशीने, आणि त्या त्यागाबरोबर त्यांस समाजात मान व संस्थेत मत मिळाले. इतके असूनही १८९० साली लोकमान्य टिळक त्या सोसायटीतून बाहेर पडले, त्या वादाच्या मुळाशी सभासदांचे वेतन व बाहेरचे उत्पन्न हाही प्रश्न होताच. म्हणजे देवमाणसांच्या घरीदेखील मिठाभाकरीचा प्रश्न सुटलेला नव्हता. आजचा तासिकेवरचा अध्यापक व्रत घेऊन उपाशी नाही. त्यास उपाशी ठेवले आहे. एकादशी करणे निराळे आणि शिधा न मिळणे निराळे. दुसऱ्याच्या उपासास त्याग म्हणून गौरविणे ही अत्यंत हलकी प्रतीची कंजुषी होय.

हे केवळ आमचेच मत नव्हे. गुजरातमध्ये कंत्राटी सहायक प्राध्यापकांस दरमहा ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षे राबविले जात होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सहायक प्राध्यापकाच्या किमान वेतनश्रेणीइतके वेतन देण्याचा निर्णय दिला, आणि समारंभांतून गुरूचा महिमा गाऊन भागत नाही, गुरूस वागविण्याची रीतही त्याला साजेशी असली पाहिजे, अशा आशयाची कानउघाडणी केली. गुरुपौर्णिमेस हार आणि पगाराच्या दिवशी नकार, ही आमची रीत न्यायालयाच्याही नजरेतून सुटली नाही.

आता जे आक्षेप प्रामाणिकपणे घेतले जातात त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, सरकारपाशी पैसा नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. १९६८ च्या, १९८६ च्या व २०२० च्या शैक्षणिक धोरणांत तेच वचन पुन्हा पुन्हा दिले गेले. आणि आजवर एकदाही ते पाळले गेले नाही. जो कर्जदार अर्धशतकाहून अधिक काळ तीच हुंडी नवी करून देतो व एकदाही वटवीत नाही, त्याची बाजारात काय पत राहील? शिवाय नड असताना पैसा कोठे उभा राहतो आणि कोठे राहत नाही, हे आपण सर्व पाहतोच. २०१७ साली केंद्र सरकारने उच्च शिक्षणासाठी वित्तसंस्था काढून आपल्या संस्थांस इमारती व उपकरणे यांसाठी अनुदानाऐवजी कर्ज देण्याचा मार्ग धरला. कर्ज म्हटले म्हणजे ते फेडणे आले, आणि शिक्षणसंस्थेपाशी फेडण्याचे हुकमी साधन शुल्काखेरीज दुसरे कोणते असते? सरकारने देण्याचे टाळलेले ओझे अशा वाटेने विद्यार्थ्यांच्या पाठीवर येण्याचे भय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो महाराष्ट्राच्याच एका थोर सुधारकाच्या नावाने घेतला जातो. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात रयतेच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि शेतकऱ्यांची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात, अशी तक्रार केली. तेव्हा, सरकारने पैसा प्राथमिक शाळांस द्यावा व विद्यापीठांनी आपले पाहावे, असे काही लोक म्हणतात. प्राथमिक शिक्षणाचा हक्क पहिला, हे आम्हांस सर्वथा मान्य आहे. पण जोतीरावांची तक्रार विद्येविरुद्ध नव्हती; ती मूठभरांच्या मक्तेदारीविरुद्ध होती. त्या वेळी विद्यापीठात वरिष्ठ वर्गांचीच मुले होती. आज शेतकऱ्याची, बलुतेदाराची, दलिताची मुलगी पहिल्यानेच विद्यापीठाच्या दाराशी पोहोचली आहे. आणि नेमक्या याच वेळी सरकारने हात आखडता घेऊन शुल्क वाढविले, तर दार पुन्हा त्याच मूठभरांसाठी उरेल. जोतीरावांचे नाव घेऊन शुल्क वाढविणे म्हणजे त्यांच्याच शस्त्राने त्यांच्या लेकरांस जखमी करणे होय. डॉ. आंबेडकर यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात मार्च १९२७ मध्ये हाच प्रश्न काढला होता. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या शुल्कातून काढली जाते, हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे सांगून, खालच्या थरांतील लोक आता कोठे शिकू लागले असताना शिक्षण होईल तितके स्वस्त केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ३६ टक्क्यांस त्यांनी व्यापार म्हटले. मग ज्या अभ्यासक्रमांत सारा खर्च विद्यार्थ्याकडून वसूल होतो, त्यांस कोणते नाव द्यावे?

तिसरा आक्षेप बाजाराच्या कैवाऱ्यांचा. ते म्हणतात, विद्या हाही एक माल आहे. ज्यास हवा त्याने किंमत द्यावी, आणि स्पर्धेने मालाचा कस वाढेल. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण बाजारात मुरलेले आहेत. त्यांनीच याचा निवाडा करावा. धान्य घेणारा गिऱ्हाईक मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. पसंत नसल्यास दुसऱ्या दुकानी जातो. विद्यार्थ्यास महाविद्यालयाचा कस कळतो तो तीन-चार वर्षे व सर्व पैसा खर्ची पडल्यावर, आणि तेव्हा माल परत करता येत नाही. अभियांत्रिकी शिक्षणात बाजारास मोकळीक देऊन पाहिली, काय झाले? कॉलेजे भराभर निघाली, मागील दशकात हजारो जागा रिकाम्या पडल्या, कित्येक महाविद्यालये बंद पडली, आणि तेथील अध्यापकांचे पगार महिनोन्‌महिने थकले. शिवाय विद्येचा लाभ घेणाऱ्यापुरताच राहत नाही. आडगावी गेलेला एक चांगला डॉक्टर, पाटबंधाऱ्यावरील एक सचोटीचा अभियंता, शाळेतील एक मन लावून शिकविणारी शिक्षिका यांच्या विद्येचे व्याज साऱ्या समाजास मिळते. ज्याचे व्याज सर्वांनी खावे, त्याच्या भांडवलात सर्वांनी वाटा घातला पाहिजे, हा व्यापाराचाच न्याय आहे.

चौथा आक्षेप प्राध्यापकवर्गाविरुद्ध आहे, व तो आम्ही दडवू इच्छीत नाही. कायम नेमणूक मिळाल्यावर पुस्तक मिटून ठेवणारे, जुन्याच टिपणांवर वर्षामागून वर्षे काढणारे, आणि तासिकेवर राबणाऱ्या आपल्या धाकट्या बंधूंकडे वळूनही न पाहणारे प्राध्यापक आहेत. नेमणुकीच्या वेळी पडद्याआड देवघेव होते, असे लोक उघड बोलतात. ते जेथे खरे असेल तेथे देणारा, घेणारा व डोळेझाक करणारा असे तिघेही विद्येचे चोर होत. पगार पुरा द्यावा, असे आम्ही म्हणतो त्याच तोंडाने कामही पुरे घ्यावे, असे म्हणतो. पण काही घरभेदे निघाले म्हणून साऱ्या घरास आग लावणे हा शहाणपणा नव्हे. जागा उघडपणे, गुणांवर व वेळेवर भरल्या, तर देवघेवीस जागाच राहणार नाही. टंचाई असते तेथेच काळा बाजार भरतो.

सरकारने काहीच केले नाही, असा आमचा आरोप नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे; आर्थिक दुर्बल घटकांसाठी शुल्क प्रतिपूर्तीची योजना आहे; आणि जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने वार्षिक आठ लक्ष रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, ठरलेल्या प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो; कर्वे-फुल्यांच्या महाराष्ट्रास तो शोभतो. पण प्रतिपूर्तीची रक्कम महाविद्यालयांस उशिरा पोहोचते, अशी तक्रार सतत ऐकू येते. आणि ती उशिरा आली की संस्था अध्यापकाचा पगार थांबविते अथवा मुलीकडे ‘तूर्त तुम्हीच भरा’ असा लकडा लावते. माफी कागदावर होते आणि बाप सावकाराच्या दारात उभा राहतो. दुसरे असे की, माफी म्हणजे सरकारी महाविद्यालय नव्हे. सरकार खासगी संस्थेस शुल्क भरून देते, पण स्वतःच्या विद्यापीठातील रिकामी खुर्ची भरीत नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रमवारीत पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ बरेच खाली घसरले, तेव्हा रिक्त जागांचा विषय चार दिवस सर्वांच्या तोंडी होता. विहिरीत पाणी नसता पोहऱ्यांचे मोफत वाटप करून तहान भागेल काय?

तेव्हा करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. पहिली, मंजूर जागा ठरीव मुदतीत भराव्यात. प्राध्यापक निवृत्त होण्याची तारीख तो नोकरीस लागतो त्या दिवशीच ठाऊक असते, मग त्याची जागा भरण्याची तयारी वर्षभर आधी का होऊ नये? दुसरी, जोवर तासिकेवर काम करवून घेणे अपरिहार्य आहे, तोवर नेमणूक बारा महिन्यांची असावी, वेतन किमान श्रेणीइतके असावे, आणि ते दर महिन्यास बँकेत जमा व्हावे. तिसरी, विद्यापीठांस अनुदान वर्षावर्षाच्या मेहेरबानीने नव्हे, तर निदान तीन वर्षांसाठी अगोदर ठरवून द्यावे. परीक्षा व संलग्नता यांच्या शुल्कावर जगणारे विद्यापीठ अखेर परीक्षांचा कारखाना होते. चौथी, प्रत्येक संस्थेने सर्व बाबींसह संपूर्ण शुल्क प्रवेशापूर्वी जाहीर करावे, आणि वर्षअखेर शुल्कातून किती मिळाले व अध्यापकांच्या वेतनावर किती गेले, हे दोन आकडे मराठीत छापून दारावर लावावेत. पाचवी, शिष्यवृत्ती व प्रतिपूर्ती ठरलेल्या तारखेस पोहोचावी; न पोहोचल्यास व्याज खात्याने सोसावे, विद्यार्थ्याने नव्हे.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांस. सरकारास दोष देऊन आपले कर्तव्य संपत नाही. प्रेमचंद रायचंद व विठ्ठलदास ठाकरसी हे तुमच्यासारखेच व्यापारी होते. आज आमच्या शहरांत उत्सवांवर, कमानींवर व लग्नांच्या रोषणाईवर जो पैसा वाहतो, त्याचा दशांश जरी वसतिगृहाकडे, ग्रंथालयाकडे अथवा एखाद्या अध्यासनाकडे वळला, तरी शेकडो मुलांची सोय होईल. मात्र देणगी ही सरकारच्या हिश्श्यात भर घालण्यासाठी असावी, सरकारास हात झटकू देण्यासाठी नव्हे. दुसरे, २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडले जातात. आमच्या वाचकांत पदवीधर हजारो आहेत. त्यांपैकी किती जणांनी आपले नाव नोंदविले आहे? दुकानाचा हिशेब जे रोज रात्री पाहतात, त्यांनी आपल्या मुलांच्या विद्यापीठाचा हिशेब वर्षातून एकदाही पाहू नये, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. नाव नोंदवा, मत द्या, आणि मत मागावयास येणाऱ्यास एवढेच विचारा की, रिकाम्या जागा किती, शुल्क किती, आणि शिकविणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडते?

विद्यापीठाचा खर्च कोणी सोसावा, हा आमचा आरंभीचा प्रश्न. ज्यांस विद्यापीठाचा लाभ होतो त्या सर्वांनी मिळून तो सोसावा, हे त्याचे उत्तर; आणि तो लाभ ज्यास होत नाही असा मनुष्य या राज्यात कोणीच नाही. हा खर्च आज आपण वाटून घेतला नाही, तर उद्या तो एकट्या त्या बापास व त्या अध्यापकास सोसावा लागेल. पैकी पहिला आपल्या मुलीचे शिक्षण थांबवील, आणि दुसरा शिकविणे सोडून देईल. त्यानंतर इमारती राहतील, मनोरे राहतील, घड्याळे तास वाजवीत राहतील. पण तो तास घेणारा व ऐकणारा, असे दोघेही तेथे असणार नाहीत.